तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा

आज ४ फेब्रुवारी, जागतिक कर्करोग दिन. २००० साली पॅरिसच्या जागतिक परिषदेत ठरलेला हा दिवस कोकणात माघाच्या आगेमागे येतो. हेदवीच्या दशभुज लक्ष्मीगणेशाचा माघी उत्सव याच दिवसांतला. मुंबई-पुण्याची माणसे गावी येतात, वर्षभर बंद असलेल्या खोल्या उघडतात, पडवीत वळकट्या पसरल्या जातात. मागील दारी, चुलीपाशी, विहिरीवर बायका एकमेकींना वर्षभराचे सांगत असतात. त्यात एखादे वाक्य आवाज उतरवून येते: ‘पाळी जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता परत अंगावरून जातंय.’ दुसरी म्हणते, ‘होतं गो असं, वय झालं की चालायचंच.’ तिसरी घरगुती औषध सांगते. तेवढ्यात कुणीतरी हाक मारते, पंगत वाढायची असते, आणि बोलणे तिथेच राहते. आजचा अग्रलेख तिथेच राहिलेल्या त्या बोलण्याविषयी आहे.

गर्भाशयमुखाचा, म्हणजे बायकांच्या बोलण्यातला ‘पिशवीच्या तोंडाचा’ कर्करोग आपल्याला नवा नाही. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात त्याचे १ लाख २७ हजारांवर नवे रुग्ण होते, आणि सुमारे ८० हजार बायका त्याने दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे, आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतलेल्या दोघीही निघाल्या नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुःखापेक्षा लाज अधिक वाटते. कारण या रोगाची नेहमीची जात सावकाश चालणारी आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग, मग पेशींतले बदल, मग कर्करोग, या वाटेला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढा अवधी देणारे कर्करोग फार थोडे. पहिल्या टप्प्यात सापडला तर दहापैकी आठहून अधिक बायका पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात.

आज मात्र आम्हाला बोलायचे आहे ते या रोगाच्या अशा एका जातीविषयी, जी हा अवधी देत नाही. लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कर्करोग हे तिचे नाव. डॉक्टर तिला ‘स्मॉल सेल’ म्हणतात. गर्भाशयमुखाच्या शंभर कर्करोगांत ही जात जेमतेम एक-दोघींना होते. ती फुप्फुसाच्या त्याच नावाच्या कर्करोगासारखी वागते. गाठ लहान असतानाच ती लसिका ग्रंथींत शिरते आणि तिथून फुप्फुस, यकृत, हाडे, कधी मेंदूपर्यंत जाते. गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन होणाऱ्या ‘पॅप’ तपासणीत ती पुष्कळदा हुकते, कारण तिच्या आधी वर्षानुवर्षे दिसत राहणारी पूर्वखूण बहुधा नसते.

हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे. बामणघळ. ओहोटीच्या वेळी तिथे उभ्या राहिलेल्या नवख्या माणसाला तिच्यात काही विशेष दिसत नाही. भरतीला मात्र लाट त्या चिंचोळ्या जागेत घुसते, कोंडते आणि माणसाच्या डोक्यावरून उंच उसळते. गावचा माणूस तिथी ऐकून पाणी कधी भरणार ते सांगतो, म्हणून कातळावर कुठवर जायचे हे त्याला कळते. नेहमीच्या जातीचा कर्करोग हा असा तिथीने येणाऱ्या भरतीसारखा आहे. वेळापत्रक ठाऊक असेल तर माणूस वाचतो. ही दुर्मीळ जात तिथी पाळत नाही. तिच्यापुढे आपल्या हाती काय उरते, हा आजचा प्रश्न आहे.

उत्तर निराशेचे नाही, पण कडक आहे. जगाच्या पाठीवर कुठल्याही एका रुग्णालयात या जातीचे रुग्ण थोडेच येतात. त्यामुळे जे ज्ञान साचले आहे ते अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचा रोग गर्भाशयमुखापुरता किंवा त्याच्या अगदी लगत होता, त्यांच्यातल्या शंभरी सदतीसजणी पाच वर्षांनंतर या रोगातून वाचलेल्या होत्या. रोग आजूबाजूला पसरला होता त्यांच्यात हे प्रमाण शंभरी दहा. दूरच्या अवयवांत पोहोचला होता त्यांच्यात शून्य. एवढे तीन आकडे वाचून हातपाय गळतात. पण हेच आकडे उलट बाजूनेही वाचता येतात: अतिशय वाईट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगातही, लवकर दारात आलेल्या तीनजणींपैकी एक वाचली. ती नशिबाने वाचली असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अभ्यासकांनी तसे म्हटले नाही. ती का वाचली हे त्यांनी शोधले, आणि जी कारणे सापडली त्यांतली निम्मी तरी माणसाच्या हातातली आहेत.

पहिले कारण टप्पा. गाठ किती मोठी, ग्रंथींत गेली की नाही, यावर पुढचे सारे ठरते. सुमारे दोन सेंटीमीटर, म्हणजे काजूच्या एका बीपेक्षाही लहान गाठ आणि तिच्याहून मोठी गाठ, यांच्यातले अंतर काही अभ्यासांत जगण्या-मरण्याचे अंतर ठरले आहे. या जातीत गाठ तेवढी वाढायला वर्षे लागत नाहीत, महिने पुरतात. म्हणून ‘उत्सव होऊ दे’, ‘आंब्याचा हंगाम उरकू दे’, ‘मुलाची परीक्षा होऊ दे’ ही आपल्या घरांतली वाक्ये इथे फार महाग पडतात. समागमानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा लाल दिसणे, वास मारणारे पाणी जाणे, यांतले काहीही चालायचेच या सदरात टाकण्याजोगे नाही. बहुतेक वेळा कारण साधे निघेल. पण साधे आहे हे ठरवण्याचा अधिकार शेजारणीचा नाही, तपासणीचा आहे.

दुसरे कारण नाव. यावर थोडे थांबू या, कारण याच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

तपासणीत संशय आला की डॉक्टर गर्भाशयमुखाचा एक तुकडा काढतात. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो. फॉर्मेलिनच्या लहानशा बाटलीत तो टाकतात, झाकण लावतात, चिकटपट्टीवर नाव, वय आणि तारीख लिहितात. पुढे प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात बसवला जातो. बोटाच्या पेराएवढी पांढरट वडी, तिच्या मधोमध दाण्याची तपकिरी सावली. त्या वडीचे केसापेक्षा पातळ काप निघतात, काचेवर चढतात, गुलाबी-जांभळे रंगतात. मग एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. नेहमीच्या जातीत पेशी मोठ्या, फरशीसारख्या दिसतात. या जातीत बारीक, गडद, जेमतेम अंगभर आवरण असलेल्या पेशी एकमेकींवर दाटून बसलेल्या असतात. घाईने पाहिले तर सूज वाटावी, किंवा नेहमीच्या कर्करोगाचाच एक खराब नमुना वाटावा. खात्रीसाठी सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन यांसारखी खास रंगचाचणी लागते. ती लहान गावातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही.

आणि नाव चुकले की उपचार चुकतो. नेहमीच्या जातीत लवकरच्या टप्प्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार पुष्कळदा पुरतो. या जातीत गाठ काढून टाकली तरी रोग रक्तातून आधीच पुढे गेलेला असू शकतो. म्हणून एटोपोसाइड आणि प्लॅटिनम गटातले औषध यांची केमोथेरपी अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही लागते. तैवानमधल्या १७९ रुग्णांच्या अभ्यासात, किरणोपचारासोबत या औषधांची किमान पाच आवर्तने पूर्ण झालेला गट लहान होता, पण त्याचे जगणे इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. शस्त्रक्रिया, किरण आणि औषध या तिन्हींची योग्य सांगड, आणि घेतलेला उपचार शेवटपर्यंत नेणे, हे तिसरे कारण. त्याचा पाया मात्र त्या काचेवर वाचलेल्या नावात आहे.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावे लागू नये. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. भारतातल्या कर्करोगांचे नमुने काचेवर वाचत, कुठल्या समाजात, कुठल्या सवयीने कुठला कर्करोग होतो हे त्यांनी मांडले. शल्यविशारदाच्या सुरीइतकेच सूक्ष्मदर्शकाचेही मोल आहे, ही शिकवण या राज्यात ऐंशी वर्षांहून जुनी आहे. तरीही आजही कित्येक ठिकाणी ‘अंगावरून जाते’ एवढ्या तक्रारीवर, तुकडा न तपासता, बाईची पिशवी काढली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि महाराष्ट्र हादरला. त्या प्रकरणात श्रमाचे, मुकादमाचे, पैशाचे अनेक प्रश्न होते. वैद्यकीय प्रश्न एकच आणि सरळ आहे: आधी तपासणी, मग सुरी. आत कर्करोग असताना साधी पिशवी काढली तर रोगाच्या भोवतीची जागा आणि ग्रंथी तशाच राहतात, पुढचा उपचार अवघड होतो, आणि कधी काढलेली पिशवी तपासायलाही पाठवली जात नाही. दुर्मीळ जातीच्या रुग्णाला ही चूक परवडत नाही. ‘डॉक्टर, तुकडा तपासलात का? कागद द्याल का?’ हे दोन प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. प्रत्येक नवऱ्याने, मुलाने, सुनेने ते विचारावेत.

चौथे कारण वैद्यकाच्या पुस्तकात ठळक नसते, पण कोकणात ते सर्वांत जड आहे: रस्ता. किरणोपचार सुरू झाला की आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावा लागतो. मधे खंड पडला तर त्याचा गुण कमी होतो. हेदवीच्या बाईने हे आठ आठवडे कुठे काढायचे? मुंबईत दीराची खोली असते, ती दहा बाय बाराची. नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा शोधायचा. घरी म्हैस कुणी पाहायची, सासूला औषध कुणी द्यायचे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उपचाराच्या पैशांचा भार पुष्कळ हलका केला आहे, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण बुडालेला रोज, सोबत्याचे भाडे, दोन महिन्यांचे बाहेरचे जेवण हे त्या योजनेच्या कागदावर नाही. टाटा रुग्णालयाने नेहमीच्या जातीच्या, पसरलेल्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किरणांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलेल्या शंभरातल्या ५४ जणी पाच वर्षे जगल्या. नुसते किरण घेतलेल्यांतल्या ४६. शंभरात आठ जीव, केवळ एका औषधाच्या जोडीने. पण ते औषध घ्यायला दर आठवड्याला तिथे असावे लागते. जी तिसऱ्या आठवड्यात गावी परतली, तिच्या वाट्याला हा लाभ येत नाही. तंबाखूचेही इथेच सांगायला हवे. या दुर्मीळ जातीत धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य कमी भरल्याचे दिसले आहे. आपल्याकडे बायकांत विडी कमी, मशेरी जास्त. उपचार सुरू झाला की ती डबी घरातून जावी, आणि तंबाखू चघळणाऱ्या घरच्या पुरुषांनीही तिला सोबत करावी.

मग दुर्मीळ रोगासाठी गावाने काय करावे? वेगळे काही नाही. नेहमीच्या रोगासाठी जे करायला हवे होते आणि केले नाही, तेच. या बाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे. बार्शीला डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण कर्करोगाचे काम उभे केले. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, आताच्या धाराशिवच्या, खेड्यांतल्या १,३१,७४६ बायकांचा त्यांच्या सहभागाने झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या रोगाने ३४ बायका गेल्या. नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि टाटाच्या पथकाने, दहावी-बारावी शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून, दर दोन वर्षांनी नुसते पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी करवली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासांत तपासणीविना ठेवलेल्या गटांविषयी नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जाणे योग्यच होते. त्या बायकांचे ऋण एकाच मार्गाने फिटते: त्यांच्यामुळे जे कळले, ते प्रत्येक गावापर्यंत पोहोचवणे. आपल्या जिल्ह्यातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटा रुग्णालयाने गावोगाव तपासणीचे काम केले आहे. वाट ठाऊक आहे. ती रोजची व्हायला हवी.

आणि लस. या दुर्मीळ जातीपुरती तर तीच सर्वांत खरी आशा आहे, कारण तपासणीच्या जाळ्यातून निसटणारा हा रोगही बहुतेक वेळा त्याच विषाणूतून येतो. विशेषतः एचपीव्हीच्या १८ क्रमांकाच्या आणि त्याखालोखाल १६ क्रमांकाच्या प्रकारातून. हे दोन्ही प्रकार लशीत आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्वाव्हॅक’मध्येही आहेत, तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. लशीची एकच मात्रा पुरते हे जगाला पटवण्यात ज्या भारतीय मुलींच्या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे, त्यांत बार्शी, पुणे आणि मुंबईच्या मुली होत्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका मात्रेचा मार्ग मोकळा केला. ९ ते १४ वर्षांच्या मुलीच्या दंडावर एक सुई, आणि ज्याच्यावर उपचार इतका कठीण आहे त्या रोगाचीही वाट मोठ्या प्रमाणात बंद होण्याची भक्कम अपेक्षा. ‘लग्नाआधी कशाला’ असे म्हणणाऱ्या आईबापांना आमचे एवढेच सांगणे: लस आधीच घ्यायची असते. पाऊस सुरू झाल्यावर कौले परतत नाहीत.

जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. तिशीनंतरच्या प्रत्येक बाईची एचपीव्ही चाचणी व्हावी. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे संकोचाची भिंत पुष्कळ उतरते. गर्भाशयमुखाचा काढलेला प्रत्येक तुकडा तपासला जावा, आणि ज्या नमुन्याबद्दल शंका असेल त्याची वडी व काचा दुसऱ्या मतासाठी मोठ्या केंद्राकडे जाव्यात. देशभरातली कर्करोग केंद्रे जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे. ते जाळे तालुक्याच्या डॉक्टरच्या टेबलापर्यंत यावे. तुकडा काढल्यापासून कागद हाती येईपर्यंतचे दिवस मोजले जावेत, कारण जे मोजले जात नाही ते सुधारतही नाही. आणि दोन महिन्यांच्या उपचारासाठी जाणाऱ्या बाईसोबत जाणाऱ्या एका माणसाच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय योजनेत धरली जावी.

हे सारे सरकारने करायचे. पण एक गोष्ट सरकार करू शकत नाही. मागील दारी आवाज उतरवून सांगितलेल्या त्या वाक्याचे उत्तर गावानेच द्यायचे आहे. दुर्मीळ आजारात जगण्याची कारणे मोजताना अभ्यासक टप्पा, गाठ, ग्रंथी, औषधाची आवर्तने लिहितात. त्या सगळ्यांच्या आधीचे एक कारण त्यांच्या तक्त्यात येत नाही: तिने पहिल्यांदा सांगितले तेव्हा ऐकणारीने काय म्हटले. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा बाटलीत पडेल की नाही, आणि पडला तर या महिन्यात की पुढच्या दिवाळीनंतर, हे बहुधा तिथेच ठरते. तेव्हा यंदाच्या उत्सवात पंगत वाढायला उठण्याआधी एवढेच म्हणावे: ‘चालायचंच नव्हे गो. उद्या सकाळच्या एसटीने जाऊ. मी येते तुझ्यासोबत.’